माळ्यावर न डोकावता दिलेला भाव

वाचकाचं पत्र: आम्ही डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. मिस्टरांची नागपूरला बदली झाली आहे, १ जूनला हजर व्हायचंय. घरात आम्ही दोघं, सहावीत जाणारी मुलगी आणि सासूबाई. तीन पॅकर्स-मूव्हर्सकडून भाव घेतले. एकाने फोनवरच २६ हजार सांगितले. दुसऱ्याने व्हिडिओ कॉलवर घर पाहून ४४ हजार सांगितले. तिसऱ्याचा माणूस घरी आला, सगळं बघून ५२ हजार म्हणाला. मिस्टर म्हणतात पहिलाच घेऊ, दोन हजार फोनवरून टाकले की बुकिंग पक्कं. दुसरा वाद सामानावरून. सासूबाईंना त्यांचं सागवानी कपाट, शिलाई मशीन, पाटा-वरवंटा सगळं न्यायचंय. मिस्टर म्हणतात तिथे नवं घेऊ. ३१ मे ही तारीख ठरवली आहे. रोज घरात कुरबुर चालू आहे. काय करावं?
— एक गृहिणी, डोंबिवली

ताई, नमस्कार.

आधी २६ हजारांचं बघू, कारण तिथे पैसे अडकण्याआधी थांबणं गरजेचं आहे. ज्याने तुमचं घर पाहिलंच नाही, त्याने सांगितलेला आकडा हा भाव नसतो. तो फक्त फोन पुढे चालू राहावा म्हणून सांगितलेला असतो. डोंबिवलीचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, सागवानी कपाट, शिवाय माळ्यावर काय काय आहे ते देवालाच ठाऊक, यातलं त्याने काय विचारलं? बहुतेक 'टू बीएचके का? झालं तर मग' इतकंच. अशा बुकिंगमध्ये खरा भाव सामान गाडीत चढल्यावर कळतो. 'मॅडम, सामान जास्त निघालं, गाडी मोठी लागली.' तोवर तुमचं अर्धं घर रस्त्यावर आणि अर्धं ट्रकमध्ये असतं. घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

एखाद्या वेबसाइटवर नंबर टाकला होता का? तसं असेल तर दिवसभर येणाऱ्या फोनांमधले बरेच जण नुसते दलाल असतात. त्यांची ना गाडी, ना माणसं. ते काम घेतात आणि पुढे कुणाला तरी विकतात. काही जण नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडे-तिकडे करून तेच नाव लावतात. त्यामुळे नाव ओळखीचं वाटलं एवढ्यावर जाऊ नका. जीएसटी नंबर मागा. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि नोंदणी महाराष्ट्रातली असेल तर सुरुवात २७ ने होते. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा नंबर टाकला की कंपनीचं कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झालीय, हे सगळं फुकट दिसतं. मग ज्या खात्यावर पैसे मागताहेत त्या खात्याचं नाव याच्याशी जुळतं का पाहा. कंपनीच्या नावाने बुकिंग आणि पैसे मात्र कुणा एकाच्या वैयक्तिक नंबरवर, असं असेल तर दोन हजारही टाकू नका.

आता ४४ आणि ५२. तुम्हाला यात आठ हजारांचा फरक दिसतोय. पण एक प्रश्न विचारलात का, की भाव जीएसटी धरून आहे की वेगळा? ४४ हजारांवर १८ टक्के लावले तर ५१ हजार ९२० होतात. म्हणजे दोघंही एकच भाव सांगत असण्याची दाट शक्यता आहे, एकाने कर आत धरलाय आणि दुसऱ्याने शेवटी लावायला ठेवलाय. दोघांनाही आजच व्हॉट्सअॅपवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर दिलेला शब्द गाडी निघाल्यावर कुणाला आठवत नाही.

तरीही मला विचाराल तर कल घरी आलेल्या माणसाकडे. तुम्हीच लिहिलंय की तो सगळं बघून गेला. त्याने माळ्यावर डोकावून पाहिलं का? बाल्कनीतल्या कुंड्या मोजल्या का? खाली उतरून गल्लीची रुंदी पाहिली का? हे मी उगाच विचारत नाही. डोंबिवली पूर्वेच्या कित्येक गल्ल्यांत १७ फुटी आयशर ट्रक इमारतीच्या दारापर्यंत येत नाही. मग सामान आधी छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, भरून मोठ्या गाडीपर्यंत न्यावं लागतं, आणि हा फेरा भावात धरलेला नसेल तर तो त्या दिवशी रोख मागितला जातो. जिन्याचंही तसंच. तिसऱ्या मजल्यावरून उतरवण्याची मजुरी धरलीय का, आणि नागपूरला कितव्या मजल्यावर चढवायचंय हे त्याला सांगितलंय का? नागपूरचं घर अजून पक्कं झालं नसेल तर 'दुसऱ्या मजल्यापर्यंत, लिफ्टशिवाय' असं धरूनच भाव घ्या.

दोन्ही भाव ताडून पाहायचे तर दोघांकडून सामानाची यादी मागा. कोटेशनच्या डोक्यावर लिहिलेला आकडा महत्त्वाचा नाही, त्याखालची यादी महत्त्वाची. 'टू बीएचके घरसामान' अशी एका ओळीची यादी म्हणजे कोरा चेक. यादीत पलंग किती आणि ते खोलायचे-जोडायचे कुणी, कपाटं किती, कोणत्या लाकडाची, फ्रिज किती लिटरचा, खोके अंदाजे किती, एसी काढायचा का, हे सगळं हवं. एका यादीवर दोघांना भाव द्यायला लावलं की कुणी कुठे हात आखडता घेतलाय ते आपोआप दिसतं.

याच वेळी त्यांना आणखी दोन गोष्टी विचारा. गाडी फक्त आपल्या सामानाची की दुसऱ्यांच्या सामानाबरोबर? पार्ट लोड म्हणजे तुमचं सामान आधी गोदामात उतरणार, तुमच्या भागातलं बहुधा भिवंडीला, आणि नागपूरकडच्या इतर गिऱ्हाइकांचं जमलं की पुन्हा दुसऱ्या गाडीत चढणार. पैसे वाचतात, पण एक चढ-उतार वाढते, पोचण्याचा दिवस लांबतो, आणि कोणता खोका कुणाच्या ढिगात गेला हा घोळ होऊ शकतो. फर्निचर कमी असतं तर पार्ट लोड चालेल म्हणाले असते. तुमच्या घरात सागवानी कपाट आहे, म्हातारं माणूस आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे, तर पूर्ण गाडी घ्या. आणि दुसरा प्रश्न: नागपूरला सामान उतरवायला माणसं कुणाची? इथे नीट बांधणारी पोरं तिथे नसतात. तिथे बहुधा स्थानिक मजूर घेतात. पलंग जोडून देण्याची जबाबदारी कुणाची, हे कागदावर नसलं तर स्क्रू-नटांची पिशवी तुमच्या हातात ठेवून ते निघून जातील.

विम्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त फसगत याच एका ओळीत होते. कोटेशनमध्ये 'ट्रान्झिट इन्शुरन्स ३ टक्के' अशी ओळ असते. चार लाखांचं सामान लिहिलंत तर बारा हजार. तेवढे घेऊन कंपनी खरंच विमा कंपनीकडून पॉलिसी काढते की 'काही झालं तर आम्ही आहोत ना' एवढंच आश्वासन देते, हे विचारा. खरा विमा असेल तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसीचा किंवा सर्टिफिकेटचा नंबर असतो, आणि तो गाडी निघण्याआधी मिळतो. नंबर मिळाला नाही तर तो विमा नव्हेच, मग ती ओळ भावातून काढून टाकायला सांगा. पॉलिसी मिळाली तर तीत काय काय धरलंय तेही वाचा. काही फक्त गाडी उलटली, आग लागली अशा मोठ्या अपघातापुरत्या असतात. चढवताना काच तडकली तर त्या भरून देत नाहीत.

विमा नसला तरी वाहतूकदार मोकळा सुटत नाही. २००७ चा कॅरेज बाय रोड अॅक्ट त्याला जबाबदार धरतो, पण सर्वसाधारणपणे वाहतुकीच्या भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तेही तुम्ही लिहून दिलेल्या किमतीच्या आतच. म्हणून बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीवर, सामानाची किंमत लिहायची जागा रिकामी सोडू नका. 'ओनर्स रिस्क' (जोखीम मालकाची) असा शिक्का मारून आणला तर सही करण्याआधी त्याचा अर्थ विचारा. नुकसानभरपाईसाठी दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिलेली असावी लागते. 'बघू, करू, साहेब बाहेरगावी आहेत' करत सहा महिने घालवण्याची युक्ती इथूनच आली आहे.

पैसे देताना बुकिंगला थोडे, गाडी भरल्यावर मोठा भाग, आणि सामान उतरून पलंग जोडून झाल्यावर शेवटचा हप्ता, असं ठरवा. बऱ्याच कंपन्या उतरवण्याआधी सगळे पैसे मागतात. निदान १० टक्के तरी शेवटपर्यंत राखा, आणि तेही कोटेशनमध्येच लिहून घ्या.

वाटेत ड्रायव्हरचा फोन आला की 'जकात भरायचीय', तर हसून सोडून द्या. महाराष्ट्रात उरलेली मुंबईतली जकातही १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. 'ई-वे बिलाचे (जीएसटीतल्या मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचे) इतके' म्हणाला तर वापरलेलं घरसामान ई-वे बिलातून वगळलेलं आहे, हे लक्षात ठेवा. आणि 'टोल जास्त लागला' हा तुमचा प्रश्नच नाही, कारण टोल धरून भाव घ्यायचा असतो. एवढ्यावर तो गाडी अडवून बसला तर ड्रायव्हरच्या नंबरवर पैसे न टाकता आधी कंपनीला लेखी मेसेज करा, नाही जमलं तर ११२ ला फोन. वाहतुकीला दिलेला माल हडपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (३) खाली गुन्हा आहे, आणि हे एक वाक्य शांतपणे ऐकवलं की बऱ्याच गाड्या पुन्हा चालू लागतात. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही.

आता तारीख. ३१ मे का? मिस्टरांना १ जूनला हजर व्हायचंय म्हणून, पण घरालाही त्याच दिवशी हजर व्हायला कुणी सांगितलंय? महिनाअखेर म्हणजे भाडेकरारांचा शेवट. सगळं शहर त्याच दोन दिवसांत हलतं. गाड्या मिळत नाहीत, मिळाल्या तर एका दिवसात दोन घरं उरकायची म्हणून पोरं घाईत बांधतात. वर नागपूरला तेव्हा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू असतो. ४५ अंशांत नवख्या घरात सासूबाईंना खोक्यांमध्ये बसवायचं, तेही कूलर लावलेला नसताना? मिस्टरांना पुढे जाऊ द्या. त्यांनी आधी घर आणि कूलर, दोन्हींची व्यवस्था करावी. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे मुलीचंही अडत नाही. घरमालकाकडून आठवड्याची मुदत वाढवून मिळत असेल तर ५ ते ९ जूनच्या दरम्यानचा, शनिवार-रविवार सोडून कुठलाही दिवस धरा. महिनाअखेरची गर्दी ओसरलेली असते आणि मुंबईकडे पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो. तरी बंद कंटेनरच मागा. ताडपत्री टाकलेला उघडा ट्रक जूनमध्ये नको.

रस्त्याची काळजी करू नका. भिवंडीजवळचं आमणे ते नागपूर असा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, ७०१ किलोमीटर. पूर्ण गाडी असेल तर ती दुसऱ्या दिवशी पोचायला हरकत नाही. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, म्हणून मिस्टर 'स्कूटर मी चालवत नेतो' म्हणत असतील तर त्यांना आवरा. ती गाडीतच चढवा, टाकीतलं पेट्रोल काढून.

तुम्ही चौघं एकत्र निघत नसल्याने एक अडचण उभी राहते. सामान चढताना इथे कोण आणि उतरताना तिथे कोण? इथे तुम्ही थांबा, तिथे मिस्टर आहेतच. गाडी निघाली की त्याच रात्री तुम्ही तिघी कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेसने निघालात तर सकाळी नागपूरला.

सासूबाईंच्या सामानाकडे मुद्दाम शेवटी येतेय, कारण वरचा हिशोब कळला की हा वाद निम्मा मिटतो. ट्रकचा भाव घरसामानासाठी प्रामुख्याने जागेवर ठरतो. पाटा-वरवंटा जड आहे खरा, पण जागा किती घेतो? गाडीच्या एका कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून बसतो. शिलाई मशीनचंही तसंच, वरचं डोकं काढून वेगळं बांधलं की खालचा सांगाडा मिळेल त्या फटीत जातो. यावरून घरात रोज भांडण्याइतका खर्च नाही, हे मिस्टरांना आकड्यांत दाखवा. कोटेशनवाल्यालाच विचारा, या दोन वस्तू यादीतून काढल्या तर किती कमी होतील? उत्तर ऐकून तेच गप्प होतील.

सागवानी कपाटाबद्दल मी सासूबाईंच्या बाजूची आहे. आज तसं कपाट करून घ्यायला गेलात तर वाहतुकीच्या कितीतरी पट पैसे जातील. मात्र ते सुटं होणारं आहे का, आणि तिसऱ्या मजल्यावर मुळात कसं चढवलं होतं, हे सासूबाईंना विचारा. जिन्याच्या वळणावर अडणार असेल तर दोरीने बाहेरून उतरवावं लागतं, आणि ते आधी सांगावं लागतं. नेऊ नये असं फर्निचर कोणतं, तर ते तुमच्याच पिढीचं असणार. भुशाच्या बोर्डाचे टीव्ही युनिट आणि वॉर्डरोब एकदा खोलले की स्क्रूची भोकं सैल होतात आणि नागपूरला जोडल्यावर दारं कायमची कलतात. ते इथेच विका. मिस्टरांना 'नवं घेऊ' म्हणायची हौस आहे ना, ती इथे भागवा.

आणि ताई, 'आई, हे न्यायचं नाहीये' असं कुणी सांगू नका. दुपारी निवांत बसून त्यांच्याच हातून यादी करा. माळ्यावरचं एकेक खाली काढून त्यांच्यासमोर ठेवलं तर निम्म्या गोष्टी त्या स्वतः 'हे कामवालीला दे' म्हणून बाजूला करतील. मुलीला वही घेऊन बसवा, तिला खोक्यांवर नंबर घालायचं काम द्या. देव, दागिने, कागदपत्रं, औषधं आणि जुन्या फोटोंचे अल्बम ट्रकमध्ये जाणार नाहीत, ते तुमच्याबरोबर रेल्वेत. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या रिकाम्या करूनच पाठवा. बंद ट्रकच्या उन्हात तेल फसफसून बाहेर येतं आणि शेजारच्या खोक्यातल्या साड्यांचं जे होतं ते बघवत नाही.

गॅस सिलेंडर कुणी 'आम्ही नेतो' म्हणालं तरी देऊ नका. सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, अनामत परत घ्या, टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याची पावती) सांभाळून ठेवा, त्यावर नागपूरला कनेक्शन मिळेल. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा, उभाच न्यायला सांगा आणि पोचल्यावर काही तास तसाच राहू द्या. वॉशिंग मशीन समोरून उघडणारं असेल तर ड्रम आवळायचे बोल्ट लागतात, ते कुठे ठेवलेत ते आजच शोधा. एसी मूव्हर्सच्या पोरांना काढू देऊ नका, मेकॅनिक बोलवा. बाकी सोसायटीच्या सेक्रेटरींना तारीख कळवणं, वीजबिल, इंटरनेट बंद करणं, ही कामं तुम्हाला मी सांगायला नकोत.

सामान चढवायच्या दिवशी सुपरवायझरच्या मागे एक खेप लक्ष ठेवा. तो हातात कार्बनची वही घेऊन प्रत्येक वस्तूचा नंबर लिहितो आणि शेजारी इंग्रजीत दोन-तीन अक्षरं टाकतो. त्यांचा अर्थ 'ओरखडा', 'पोचा', 'जुनं' असा काहीसा असतो. घाईत तो हीच अक्षरं सगळ्याच वस्तूंपुढे ओढतो, तुमच्या गेल्या दिवाळीतल्या फ्रिजपुढेही. उद्या फ्रिजला खरोखर पोचा पडला तर 'हे आधीच होतं, तुमची सही आहे' असं उत्तर तयार. म्हणून बांधण्याआधी मोठ्या वस्तूंचे चारही बाजूंनी फोटो काढा, टीव्ही चालू असलेला व्हिडिओ घ्या, आणि सही करण्याआधी प्रत्येक अक्षराचा अर्थ त्याला विचारा. जिथे ओरखडा नाही तिथलं अक्षर त्याच्याच हातून खोडून घ्या.

नागपूरला हीच वही मिस्टरांसमोर येईल. त्यांना सांगून ठेवा, यादीची तुमच्याकडची प्रत हातात धरून दारात उभं राहायचं, नंबर आत आला की खूण करायची. ड्रायव्हर 'साहेब, आधी सही करा, उशीर होतोय' म्हणेल. सगळे नंबर जुळेपर्यंत सही नाही. काही तुटलं, फुटलं, कमी पडलं असेल तर ते पोचपावतीवरच लिहायचं, त्याच्या समोर, आणि त्या पानाचा फोटो काढून लगेच कंपनीला पाठवायचा. राखून ठेवलेले पैसे त्यानंतर.